कबुतर जमिनीवर बसलंय आणि जवळ गेलं तरी उडत नाही: आधी काय पाहायचं, मग काय करायचं

यातलं काही दिसतंय का, ते आधी पाहा:

– तुम्ही हातभर अंतरावर आलात तरी उडत नाही. फार तर चार पावलं चालतं आणि पुन्हा बसतं.
– अंगावरची पिसं फुलवून गोळा होऊन बसलंय, भर दिवसा डोळे मिटतायत.
– एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली लोंबतोय.
– लंगडतंय, किंवा पायाच्या बोटांना काहीतरी गुंडाळलंय.
– मान पिळल्यासारखी वळलीय, दाणा टिपायला जातं तेव्हा चोच भलतीकडेच पडते.
– चोच उघडी ठेवून श्वास घेतंय आणि प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली होतेय.
– शेपटीखालची पिसं हिरव्या विष्ठेने माखलीयत.
– मांजराच्या तोंडातून सुटलंय, किंवा काचेवर आपटून पडलंय.

कबुतर हा शिकार होणारा पक्षी आहे. असा पक्षी दुखणं शेवटपर्यंत लपवतो, कारण थव्यात जो अशक्त दिसतो त्याच्यावरच झडप पडते. त्यामुळे ते उघड उघड आजारी दिसायला लागलं म्हणजे आजार आज सकाळचा नाही, बहुतेक वेळा काही दिवसांचा आहे. ‘उद्या बघू’ म्हणण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो.

गेल्या काही वर्षांत अशी बरीच कबुतरं माझ्या खोक्यात राहून गेली. पुष्कळशी उडाली, काही गेली. सुरुवातीला जी गेली त्यातलं निदान एक तरी आजाराने गेलं नाही, माझ्या घाईने गेलं. पावसात भिजलेलं, गारठलेलं कबुतर होतं. मला वाटलं, तहानलेलं असेल. मी ड्रॉपरने चोचीत पाणी सोडलं. घशात बुडबुड्यांसारखा आवाज झाला, त्याने दोनदा मान झटकली आणि माझ्या तळहातावरच मान टाकली. कबुतराच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. वरून सोडलेला थेंब सरळ तिथेच जातो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा: आधी ऊब, मग पाणी, मग दाणा. हा क्रम मोडायचा नाही आणि चोचीत पाणी ओतायचं नाही.

हात लावण्याआधी, दुरूनच

ही तपासणी फुकट आहे आणि दहा मिनिटांत होते. थोडं लांब उभे राहा आणि नुसतं पाहा.

कबुतरं ऊन खातात. एका कुशीवर कलून, एक पंख पूर्ण उघडून, पिसं विस्कटून, डोळे अर्धवट मिटून पडून राहतात. पाऊस अंगावर घेतानाही असाच पंख वर करतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला पंख मोडल्यासारखाच वाटतो. तुम्ही दोन पावलं पुढे गेलात आणि ते नीट उठून उडालं, तर त्याला काही झालेलं नाही.

दुसरा नेहमीचा गोंधळ पिल्लांचा. कबुतराचं पिल्लू साधारण चार ते पाच आठवड्यांचं झालं की घरट्याबाहेर पडतं आणि तोवर आकाराने जवळजवळ मोठ्या कबुतराएवढं झालेलं असतं. म्हणूनच ‘कबुतराची पिल्लं कधी दिसतच नाहीत’ असं लोक म्हणतात. दिसतात, पण ओळखू येत नाहीत. ओळखायचं असं: डोळे नारिंगी नसून गडद, तपकिरी किंवा राखाडी. चोचीच्या मुळाशी मोठ्या कबुतराला जो पांढरा फुगीर भाग असतो, तो अजून पांढरा झालेला नाही. डोक्यावर, मानेवर पिवळट लवेचे एखाददोन तंतू. आणि घुमत नाही, चीं चीं करतं.

असं पिल्लू सगळीकडून पिसांनी भरलेलं, टवटवीत असेल आणि आसपास मांजर, कुत्रा, रहदारी नसेल, तर उचलू नका. लांबून दोनेक तास लक्ष ठेवा. आईबाप दोघंही भरवतात आणि जमिनीवर उतरलेल्या पिल्लालाही येऊन भरवतात. पण पंखाखाली उघडी कातडी दिसत असेल, अंगभर लव असेल, तर ते वेळेआधी घरट्यातून पडलंय. घरटं दिसत असेल, हात पोहोचत असेल आणि पिल्लू उबदार, धडधाकट असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकतात, हा समज खरा नाही.

काचेवर आपटलेलं कबुतर मात्र उचलायचं. डोक्याला मार बसलेला पक्षी तासाभरात सावरतो आणि नुसतं उडून जातो असंही होतं. पण त्या तासाभरात उघड्यावर पडून राहिला तर मांजर तरी येतं किंवा कावळे. बंद, अंधाऱ्या खोक्यात तास-दोन तास शांत ठेवा, त्या वेळात दाणापाणी काही देऊ नका. नंतर बाहेर नेऊन खोका उघडा. उडालं तर उडालं. नाहीतर पुढचं वाचा.

एकाच जागी अनेक पक्षी मेलेले किंवा तडफडताना दिसले तर मात्र कशालाच हात लावू नका. ते विष असू शकतं, बर्ड फ्लूही असू शकतो. पशुसंवर्धन खात्याला किंवा तिथल्या प्रशासनाला कळवा. ते एकट्याने सोडवायचं काम नाही.

पकडणं आणि खोका

जुना टॉवेल आणि झाकणाचा पुठ्ठ्याचा खोका, एवढंच लागतं. मागून किंवा बाजूने जा, टॉवेल वरून अंगावर टाका, डोकं झाकलं गेलं की ते बहुतेकदा शांत होतं. मग दोन्ही हातांनी पंख अंगाशी मिटवून उचला. घट्ट आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा) नसतं, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच त्यांना श्वास घेता येतो. छाती दाबून धरलेलं कबुतर हातातच गुदमरतं. त्याने पंखाने फटका मारला तर वाईट वाटून घेऊ नका. ते चांगलं लक्षण आहे, अंगात जोर आहे.

हातमोजे घाला, नसतील तर नंतर साबणाने हात धुवा. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, ओली करून पुसा. कबुतरांकडून माणसाला सिटॅकोसिससारखा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो आणि तो मुख्यतः वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून होतो. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे किंवा ज्यांना फुप्फुसांचा जुना त्रास आहे, त्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावं. हाताळताना पिसांतून एखादी चपटी, झटकन पळणारी माशी बाहेर येईल. ती कबुतराचं रक्त पिणारी माशी आहे, माणसावर वस्ती करत नाही. घाबरून कबुतर हातातून सोडू नका.

खोक्याला बाजूने भोकं पाडा, तळाला टॉवेल आणि त्यावर पांढरा कागद अंथरा. कागद का, ते पुढे येईल. खोका घरातल्या सगळ्यात शांत खोलीत, कुत्र्यामांजरांपासून लांब ठेवा. आपल्याला गोंजारावंसं वाटतं, पण त्याच्या दृष्टीने आपण त्याला पकडणारा प्राणी आहोत. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहणं त्याला महागात पडतं.

ऊब

निरोगी कबुतराच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा बरंच जास्त. म्हणून ते हाताला नेहमी कढत लागलं पाहिजे. कोमट लागलं तरी ते गारठलेलं आहे. पाय थंडगार असतील तर नक्कीच.

गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला ठेवायची, कारण जास्त झालं तर त्याला दुसरीकडे सरकता आलं पाहिजे. उभंच राहता येत नसेल तर ते सरकणारही नाही, तेव्हा दर अर्ध्या तासाने तुम्हीच हात घालून पाहा. चोच उघडून धापा टाकायला लागलं आणि पंख अंगापासून दूर धरले, तर ऊब जास्त झाली. बाटली काढा. पाणी निवलं की बदला. निवलेली बाटली उलट त्याच्याच अंगातली ऊब ओढून घेते, हे सहज विसरलं जातं.

ऊब आधी का? गारठलेल्या पक्ष्याचं पोट चालत नाही. त्या अवस्थेत पोटात गेलेला दाणा तिथेच पडून राहतो, आंबतो आणि मदत म्हणून दिलेलं अन्न जिवावर उठतं. तासभर तरी थांबा. पाय हाताला ऊबदार लागले, डोळे उघडले, की मगच पाण्याकडे वळा.

पाणी, मग दाणा

पाणी किती कमी पडलंय ते चोचीच्या आत कळतं. आतली त्वचा ओली, चकचकीत हवी. चिकट, तारा सुटणारी लाळ असेल, डोळे आत गेलेले असतील, तर शरीर सुकलंय. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि अगदी चिमूटभर मीठ घाला, किंवा औषधाच्या दुकानातलं जलसंजीवनीचं पाकीट पाकिटावर लिहिलंय त्या प्रमाणात बनवा.

आता द्यायचं कसं. बहुतेक पक्षी चोचीत पाणी घेऊन मान वर करून गिळतात. कबुतर तसं करत नाही. ते चोच पाण्यात बुडवून सलग ओढून पितं. त्यामुळे उथळ बशी चालत नाही, चोच बुडेल इतकी खोल वाटी लागते. त्याला उभं धरा, वाटी वर आणून चोचीचं नुसतं टोक पाण्यात टेकवा. नाकपुड्या बुडू देऊ नका. पुष्कळदा पहिले दोन-तीन प्रयत्न काहीच होत नाही आणि मग एकदम घसा हलायला लागतो. खोलीत आवाज नसेल तर ते ओढून घेणं ऐकू येतं. पिणं झालं की थांबा, जबरदस्ती करू नका. मानच उचलता येत नसेल तर तोंडाने काहीही द्यायचं नाही. त्याला कातडीखालून पाणी द्यावं लागतं आणि ते काम डॉक्टरांचं.

दाणा पाण्यानंतर आणि विष्ठा एकदा तरी पडल्यानंतर. गहू, ज्वारी, मका, मसूर, मूग, वाटाणा असं मिश्रण कच्चंच, न शिजवता ठेवा. पाव, दूध, बिस्किटं नकोत. पक्ष्यांना दूध पचत नाही. ‘कबुतराचं दूध’ म्हणतात ते आईबापांच्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारं वेगळंच, दह्याच्या गाठींसारखं अन्न असतं. गाईच्या दुधाशी त्याचा काहीही संबंध नाही.

स्वतःहून टिपत नसेल, पण उभं राहतंय आणि मान सरळ धरतंय, तर गोठवलेले हिरवे वाटाणे वितळवून, कोमट पाण्यात टाकून, एकेक भरवता येतात. कबुतर टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्या. चोच टोकाला धरून ओढू नका, ती मऊ असते. मुळाशी दोन्ही बाजूंनी हलकं दाबून उघडा. वाटाणा जिभेच्या मागे, श्वासनलिकेच्या भोकाच्या पलीकडे ठेवा आणि चोच सोडा, ते आपण होऊन गिळतं. पहिल्या वेळी दहा-बारा पुरेत. दुसऱ्या दिवशी सकाळी, काही भरवण्याआधी, गळ्याच्या खाली छातीच्या वर बोटांनी हळूच चाचपून पाहा. रात्रीचं अन्न तिथेच भरलेलं, पिठाच्या गोळ्यासारखं लागलं तर भरवणं बंद. ही थांबायची जागा आहे.

पांढऱ्या कागदावर काय पडलंय

मला विचाराल तर सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत बोलकी आहे. कबुतर लपवतं ते कागद लपवत नाही.

निरोगी विष्ठा तपकिरी-हिरवट, जराशी घट्ट गोळी आणि वर पांढरी टोपी. गर्द हिरवी, चिकट, जेमतेम ठिपक्याएवढी असेल तर पोटात अन्नच नाहीये, नुसतं पित्त उतरतंय. म्हणजे ते उपाशी आहे. (शिशाच्या विषबाधेतही गर्द हिरवी विष्ठा दिसते. पोट भरूनही रंग बदलला नाही तर ते मनात ठेवा.) स्वच्छ पाण्याचं डबकं आणि मध्ये बारीकसा तुकडा तरंगल्यासारखा असेल तर मूत्रपिंडं बिघडलेली असू शकतात. हे मान वळण्याच्या आजारात फार दिसतं. रक्त दिसलं तर वाट पाहायची नाही.

कागद सकाळ-संध्याकाळ बदला आणि जुन्या कागदाचा फोटो काढून ठेवा. डॉक्टरांकडे गेलात तर त्यांना त्या फोटोंचा उपयोग तुमच्या वर्णनापेक्षा जास्त होतो.

हातात घेऊन पाहायच्या गोष्टी

हे तासभर ऊब मिळाल्यानंतरच, आणि पाच मिनिटांच्या आत आटपायचं. मी नेहमी छातीपासून सुरू करतो. छातीच्या मधोमध उभं हाड असतं, त्याच्या दोन्ही बाजूंना स्नायू गोल भरलेले हवेत. हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला टोचलं तर कबुतर खंगलंय, आणि असं खंगायला एक दिवस पुरत नाही. त्यामागे जुना आजार शोधायला हवा. घरात स्वयंपाकाचा काटा असेल तर रोज एकाच वेळी वजन करा. मोठं कबुतर साधारण अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम भरतं. खाताना दिसतंय आणि वजन उतरतंय, तर ते दाणा नुसता चोचीने उडवत असेल, गिळत नसेल.

मग तोंड. उजेडात चोच उघडा. आत गुलाबी हवं. पिवळट, पनीरच्या चुऱ्यासारखे थर दिसले, तोंडाला कुजका वास आला, तर तो कँकर, म्हणजे ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा आजार. आईबापांच्या भरवण्यातून पिल्लांना आणि पाण्याच्या एकाच भांड्यातून एकमेकांना होतो. तो थर खरवडून काढायचा मोह होतो. काढू नका. तो खालच्या रक्तवाहिन्यांना धरून असतो, रक्त यायला लागलं की थांबत नाही. औषध बहुतेकदा लागू पडतं, पण मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. याची लागण माणसाला होत नाही. चोच आणि डोळ्यांभोवती, पायांवर कोरड्या चामखिळीसारख्या गाठी असतील तर ती देवी. डासांमधून पसरते, काही आठवड्यांत आपोआप गळून पडते. गाठी ओढू नका. डोळा बंद होत नसेल आणि खाता येत असेल तर नुसती काळजी पुरते.

पायांवर मी जास्त वेळ घालवतो, कारण लंगडणाऱ्या कबुतरात दोष पायाच्या आत फार कमी वेळा असतो, बाहेर गुंडाळलेला असतो. केस, शिवणाचा दोरा, नायलॉनची तार. कबुतर जमिनीवर चालून खातं, त्यात हे पायात अडकतं, प्रत्येक पावलाला आवळत जातं आणि काही आठवड्यांत बोट तुटून पडतं. शहरातल्या थव्यात दोन-तीन बोटं गमावलेलं एखादं कबुतर बहुधा असतंच.

मागच्या वेळी आलेल्या मादीच्या डाव्या पायाला काही दिसतच नव्हतं. नुसतं मधलं बोट सुजून जांभळं झालेलं आणि सांध्यापाशी एक घडी. दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात धरला, वाळलेली घाण निघाली, आणि टेबलाच्या दिव्याखाली भिंगाने पाहिलं तर त्या घडीत माणसाचा एकच लांब केस होता. सहा-सात वेढे, कातडी त्याच्यावरून वाढत चाललेली. नखं कापायच्या बारीक, वाकड्या टोकाच्या कात्रीचं एक टोक वेढ्याखाली सरकवायला पाव तास लागला. पहिला वेढा तुटला तेव्हा तिने पाय आखडून घेतला, नंतर मात्र स्थिर राहिली. शेवटचा वेढा चिमट्याने उलट्या दिशेने उलगडला आणि बघता बघता बोटाचं टोक जांभळ्याचं गुलाबी झालं. जखम मिठाच्या पाण्याने धुतली, चार दिवस खोक्यात ठेवली.

हे घरी जमतं. पण दोनच अटींवर: दुसरं कुणीतरी कबुतर धरून बसायला हवं आणि दोरा तुम्हाला डोळ्यांनी दिसत हवा. अंदाजाने कापू नका. दोरा कधीही ओढू नका, ओढलं की तो आणखी आत रुततो. बोट काळं, कडक, थंड झालं असेल किंवा हाड दिसत असेल तर कात्री खाली ठेवा. पायाऐवजी अंगाला उंदरांसाठी लावलेला डिंक चिकटलेला असेल, तर पिसं उपटू नका. चिकट भागावर पीठ किंवा टिश्यू पेपर दाबून तो आणखी कुठे चिकटणार नाही असं करा आणि तसंच डॉक्टरांकडे न्या.

शेवटी पंख. कबुतर टेबलावर मोकळं उभं करा आणि समोरून पाहा, ओढून पाहू नका. दोन्ही पंखांची टोकं शेपटीवर सारख्या उंचीला टेकायला हवीत. एक लोंबत असेल तर हाड मोडलेलं, सांधा निखळलेला किंवा सुजलेला असू शकतो. पंखाच्या सांध्यावर कडक गाठ असेल तर साल्मोनेला जंतूंचा संसर्गही असू शकतो. काठीची पट्टी बांधून पंख बसवायला जाऊ नका. पक्ष्यांची हाडं फार लवकर जुळतात, दोन-तीन आठवड्यांत. ही गोष्ट सुखाची वाटते, पण वाकडं बसवलेलं हाडही तितक्याच लवकर वाकडं जुळतं आणि मग ते कधीच सरळ होत नाही. मोडलेला पंख डॉक्टरांकडे पहिल्या एक-दोन दिवसांत पोचायला हवा. नुसती शेपटी नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर घाबरू नका. कुणीतरी झडप घातल्यावर कबुतर शेपटीची पिसं सोडून देतं. मुळासकट गेलेली पिसं महिना-दीड महिन्यात पुन्हा येतात.

मान पिळलेली असेल तर

याबद्दल वेगळं लिहितो, कारण हीच कबुतरं लोक सर्वांत आधी ‘वाचणार नाही’ म्हणून सोडून देतात. मान उलटी होते, डोकं पायांमध्ये जातं, घाबरलं की गोल फिरत मागे कोलमडतं. पाहवत नाही. बहुतेकदा हा पॅरामिक्झोव्हायरस असतो. विषाणूवर औषध नाही, पण कबुतर त्याने मरतं त्याहून जास्त वेळा उपाशी मरतं. दाणा समोर दिसतो आणि चोच अर्धा इंच बाजूला पडते. खोल वाटीत भरपूर दाणे ठेवले, की कुठेही चोच पडली तरी काहीतरी तोंडात जातं. पाण्याची वाटीही खोल आणि जड हवी. अंधारी, शांत जागा हवी, कारण ताण आला की झटके वाढतात. ते वाटीत चोच मारून थकतं, तेव्हा मान सरळ असेल त्या वेळी वर सांगितल्याप्रमाणे वाटाणे भरवा.

बरं व्हायला साधारण दीड महिना, काहींना जास्त. तोवर दुसऱ्या कुठल्याही पक्ष्यापासून वेगळं ठेवा, घरात पाळलेले पक्षी असतील तर मुळीच आणू नका. या विषाणूने माणसाचे डोळे काही दिवस लाल होऊ शकतात, हात न धुता डोळ्यांना लावू नका. आणि पहिल्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा, कारण डोक्याचा मार, शिसं, साल्मोनेला आणि विष यांतही मान वळते आणि त्या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे.

इथे थांबा आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना गाठा

मांजराने धरलं असेल तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी. मांजराच्या दातांवरचे पाश्चुरेला जंतू पक्ष्याच्या रक्तात गेले की एक-दोन दिवसांत तो मरतो आणि दाताचं भोक पिसांखाली टाचणीच्या टोकाएवढंच असतं. ‘काही लागलेलं दिसत नाही’ म्हणून थांबलेली कबुतरं मी तिसऱ्या दिवशी मेलेली पाहिलीयत. याला प्रतिजैविकच लागतं आणि ते घरातलं उरलेलं नव्हे.

स्वच्छ कापड पाच मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नसेल. हाड उघडं असेल. जखमेत तांदळाच्या कणीसारखी माशीची अंडी किंवा अळ्या दिसत असतील. पाणी प्यायल्यावर ते छातीवरून बाहेर गळत असेल, म्हणजे अन्नाची पिशवी फाटलीय. शांत बसलेलं असतानाही चोच उघडी आणि शेपटी हलतेय. झटके येतायत. तोंडात पिवळे थर आहेत. यातल्या कशातही घरी प्रयोग करायचे नाहीत, ऊब द्या आणि निघा. आणि यातलं काहीच नसेल, पण चोवीस तास ऊब आणि पाणी मिळूनही फरक नसेल, तरीही निघा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका.

निघण्याआधी फोन करा आणि ‘रानटी कबुतर आहे, पाहाल का’ असं स्पष्ट विचारा. सगळे पशुवैद्य पक्षी पाहत नाहीत. नाही म्हणाले तर कोण पाहतं ते त्यांनाच विचारा. पक्षी बचाव केंद्र जवळ असेल तर तिथेही हेच सांगा: कुठे सापडलं, कधी, काय दिसलं, काय दिलं, विष्ठा कशी. डॉक्टर म्हणाले की हे बरं होणार नाही आणि त्याला वेदनेतून सोडवणं योग्य आहे, तर ऐका. मला ते दोनदा ऐकावं लागलंय. दोन्ही वेळा तेच बरोबर होतं.

सोडताना

बंद खोलीत, खिडक्यांना पडदे लावून, जमिनीवरून सरळ वर उडतं का पाहा. नुसतं फडफडत टेबलापर्यंत गेलं तर अजून थांबा. स्वतः खातंय, छातीचं हाड टोचत नाही, वजन तीन-चार दिवस टिकलंय, अंगावरून हात फिरवला की तळव्याला पांढरी पिठी लागते. ही पिठी आजारी कबुतरात नाहीशी होते, ती परत आली की मला धीर येतो.

जिथे सापडलं तिथेच सोडा. त्याचा थवा, त्याची जोडी, खाण्याच्या जागा तिथेच आहेत. सकाळी, कोरड्या हवेत, थवा खाली उतरलेला असताना. त्या केस अडकलेल्या मादीला मी पाचव्या दिवशी घेऊन गेलो. खोक्याचं झाकण उघडलं तरी ती मिनिटभर कडेवर बसून राहिली, मान तिरकी करून समोरच्या कौलांकडे पाहत. मग वरून घुमण्याचा आवाज आला आणि ती उडून गेली.